अण्णांची मूठ

आमच्या चाळीच्या गणपतीपुढे मंत्रपुष्पांजली केव्हा संपायची हे गुरुजी ठरवत नसत. घड्याळाचा तर प्रश्नच नव्हता. ते आमचे अण्णा ठरवत.

म्हणजे असं, की आरत्या झाल्या की फुलं नि अक्षता वाटल्या जायच्या. प्रत्येकाने त्या उजव्या मुठीत धरायच्या. मग सगळी चाळ एका सुरात मंत्र म्हणायची, आणि शेवटचं अक्षर आलं की ते सोडायचं नाही, ताणायचं. थोडंफार ताणतात सगळीकडेच, पण आमच्या गिरगावच्या चाळीत त्याची चढाओढ असे. आधी बायका थांबायच्या, मग तालमीत जाणारे, छाती काढून चालणारे थांबायचे, मग मंडळाचे सेक्रेटरीकाका लालबुंद होऊन थांबायचे. शेवटी उरायचा एकट्या अण्णांचा आवाज. चौक भरून माणसं मुठी मिटून उभी, कुणी हलत नाही, आणि तो आवाज आपला चालूच आहे. तो थांबला की मगच फुलं उडायची. त्याच्या आधी कुणी फूल टाकलं तर म्हातारी माणसं असं काही बघायची की पुढच्या वर्षापर्यंत त्याच्या लक्षात राहावं. सेक्रेटरीकाका धापा टाकत दर वर्षी तेच म्हणायचे, "अण्णा, किती ताणशील रे? मारशील एखाद्याला." अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे.

लहानपणी मला वाटायचं, फुलं उडतात ती अण्णांच्या आवाजानेच. आमच्या वडिलांनी श्वास सोडला की चाळभर फुलं उडतात, ही काय साधी गोष्ट आहे? शाळेत मी हे सांगितलं होतं आणि एकीने खोटं म्हटलं तेव्हा तिची वेणी ओढली होती. मी तशी पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, राग आहे तिथेच नाक चिकटवलंय.

अण्णा कापड बाजारातल्या एका पेढीवर कारकून होते. दिवसभर खाली मान घालून बसणारा माणूस. पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली आणि त्यांचा आवाज चाळीच्या बाहेर पडला. प्रभातफेरीत घोषणा द्यायला सगळ्यात पुढे अण्णा. सकाळी अंधारात ते खालच्या गल्लीतून ओरडत गेले की दुधवाल्याची गरज उरत नसे, सगळी चाळ जागी. आई चिडायची, मला अभिमान वाटायचा.

मग होळीच्या सुमाराला, एका सकाळी दाढी करता करता अण्णांच्या हातातून वस्तरा पडला. ते वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा. पाय थोडाफार सुधारेल, हाताचं काही सांगता येत नाही, बोलण्याचंही नाही. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. आई रोज कोमट तेल लावून एकेक बोट सरळ करायची आणि सोडलं की ते पुन्हा जागेवर जायचं. तोंडातून एकच आवाज निघायचा, "हं." हो म्हणायलाही हं आणि नाही म्हणायलाही हं. पुढे पुढे तोही कमी झाला. त्यांची खाट आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्याला लावून टाकली होती, वारं लागावं म्हणून. येणारेजाणारे अंग चोरून जायचे. अण्णा कुणाकडे बघत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवणसुद्धा चार घासांवर आलं होतं. आई मला स्वयंपाकघरात नेऊन हळू म्हणाली होती, "त्यांनी मनाने सोडलंय गं सगळं." तिचं हे वाक्य मला डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

गणपती जवळ आले. मांडव चौकात पडला, अगदी आमच्या गॅलरीच्या समोर. त्या वर्षी देखावा होता महाराष्ट्राच्या नकाशाचा, कडेने सगळे दिवे, आणि मुंबईच्या जागी एक मोठा लाल दिवा. सेक्रेटरीकाका आणि आणखी दोघे हात असलेली लाकडी खुर्ची घेऊन वर आले. काका म्हणाले, "अण्णा, तुला उचलून नेतो. मूर्तीच्या समोर बसवतो, नुसता बस." अण्णांनी डोळे मिटले, मान भिंतीकडे केली आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, "नको भावजी. ओघळणारं तोंड घेऊन ते चारचौघांत बसायचे नाहीत." काकांनी खुर्ची उचलली आणि खाली गेले. मला इतका राग आला की कुणाचा आला तेच कळेना.

मी त्या वेळी फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. बोर्ड जुना होता. समोर ओळीने पितळेची छोटी झाकणं. वरच्या मजल्यावरच्या कुणा साहेबाने आपल्या फोनची दांडी फिरवली की इथे माझ्यासमोर त्याचं झाकण टपकन पडायचं, की समजायचं, याला बोलायचंय. सुरुवातीला मला त्याचं फार नवल वाटे. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस मला दिसत नाही, त्याचा आवाज नाही, आणि त्याने हात हलवला की माझ्यासमोर पितळ पडतं. बोर्ड दुरुस्त करायला मिस्त्री यायचा तेव्हा मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची. झाकण एका बारीक खटक्याने अडवलेलं असतं. मागे तारेची वेटोळी गुंडाळलेला चुंबक. वीज आली की चुंबक खटका ओढतो आणि झाकण आपल्या वजनाने पडतं. खटक्याला ताकद लागतच नाही. ताकद झाकणाच्या वजनात असते, खटक्याने फक्त वाट द्यायची.

खुर्ची परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बोर्डावर एक झाकण पडलं आणि मी साहेबाला उत्तर द्यायचं विसरले. डोक्यात आलं, अण्णा खाली जात नाहीत ना, फुलं जातील. अण्णांनी वरून टाकावीत. हातात ताकद नाही तर ताकद दुसरीकडे ठेवू, अण्णांनी फक्त वाट द्यायची.

आता हे सांगायला सोपं. करायला बसले तेव्हा आईने कपाळाला हात लावला. आमचा जेवायचा जुना पाट घेतला. त्यावर वेळूची एक कांब आडव्या दांड्यावर बसवली, तिच्या टोकाला नारळाची करवंटी खिळ्याने ठोकली, आणि खालून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या. कांब मागे ओढून सोडली की करवंटीतलं पुढे उडायचं. मुलं गलोल करतात त्याचाच थोरला भाऊ. पहिल्या दिवशी मी करवंटीत बटाटा ठेवला, कारण नुसती फुलं उडेनात. बटाटा चौक ओलांडून समोरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या धोतरात शिरला आणि धोतरासकट खाली आला. चाळीत बातमी पसरली की अण्णांच्या पोरीने तोफ लावली. तेव्हापासून त्या यंत्राचं नाव तोफच पडलं. नळावर बायका विचारायच्या, "काय गं, आज भाजी कुणाकडे पाठवणार?" मी म्हणायची, "तुमच्याकडेच. तोंड उघडं ठेवा."

फुलांचं पुढे जमलं. सुटी फुलं हवेत जागच्या जागी विखुरतात, पण झेंडूची मोठी, देठासकट फुलं पाण्यात बुडवून घेतली की वजन येतं आणि नीट जातात.

खरं डोकं खाल्लं ते चुंबकाने. लोखंडी बोल्टावर मोडीतल्या पंख्याची तार गुंडाळून मी चुंबक केला. त्याने ताणलेली कांब थेट धरून ठेवायची, असं ठरवलं. कसला धरतोय. कांब त्याला झिडकारून सुटायची आणि दर वेळी माझ्या मनगटावर फटका. मी रागाने सगळं उचलून मोरीत टाकलं. आई म्हणाली, "टाक, टाक. जळणाला होईल." आणि मग माझंच मला हसू आलं, कारण मी बोर्डाची गोष्ट अर्धीच लक्षात ठेवली होती. ताकद खटक्यावर नाही टाकायची. मोरीतून सगळं परत काढलं. कांबेला अडवायला एक बारीक खटका केला आणि चुंबकाला ओढायला फक्त तो खटका दिला. मंडळाच्या लाऊडस्पीकरवाल्याने एक जुनी बॅटरी दिली. दाराच्या घंटेचं बटण आणलं. बटण दाबलं की चुंबक खटका ओढायचा आणि कांब सुटायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत बसले होते.

बटण मी अण्णांच्या डाव्या हाताखाली ठेवलं. डावा हात चांगला होता ना. सगळं समजावून सांगितलं, "अण्णा, मंत्र संपला की एवढं दाबायचं." अण्णांनी बटणाकडे बघितलं. मग डाव्या हाताने ते उचललं आणि गॅलरीत दूर फेकून दिलं. हात चादरीखाली घालून टाकला.

मी भडकले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, "एवढी मरमर करतेय ती कुणासाठी? तुम्हाला काही नकोच असेल तर तसं सांगा." अण्णा भिंतीकडे बघत राहिले. आई आतून आली, पदराला हात पुसत. म्हणाली, "तू कधी देवाला डाव्या हाताने फूल वाहिलंस का गं?"

जन्मभर त्याच घरात वाढलेली मी, डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून ज्यांचा मार खाल्ला त्यांनाच डावं बटण द्यायला निघाले होते. विजेचा विचार केला, तारेचा केला, अण्णांचा केलाच नव्हता. पण मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. अण्णांनी बटण फेकलं ते नकोसं झालं म्हणून नाही. त्यांना फूल वाहायचं होतं, आणि नीट वाहायचं होतं, म्हणून फेकलं. मनाने सगळं सोडून दिलेला माणूस असल्या गोष्टीसाठी हात चादरीखाली घालत नाही.

मग मी त्या उजव्या मुठीपाशी बसले. बोट सरळ होत नाही तर बटण दाबणार कसं? आई तेल लावत होती. मला म्हणाली, "सकाळी ही जरा सैल असते. मी म्हटलं सोडा, तर कधीकधी सोडतात. केसभर." केसभर. हाताने काही करायला केसभर कशाला पुरणार? पण तारेला पुरतं. दोन तारा चिकटलेल्या असल्या तर वीज आहे आणि केसभर दूर झाल्या तर वीज नाही, मध्ये काही नाही.

तिथे मला उलगडलं की मी सगळंच उलटं करत होते. आपण फूल वाहताना दाबतो कुठे? आपण मूठ मिटून धरतो, सगळा मंत्र होईपर्यंत धरतो, आणि शेवटी उघडतो. अण्णांची मूठ मिटलेलीच होती. देवाने अर्धं काम करून ठेवलं होतं आणि मी ते मोडायला बसले होते.

मग तोफ उलटी केली. आता चुंबकाने सगळा वेळ खटका धरून ठेवायचा आणि वीज गेली की सोडायचा. तांब्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, मधे कडेला स्पंजाचा तुकडा ठेवला, वरून मऊ फडकं गुंडाळलं आणि ते अण्णांच्या उजव्या मुठीत दिलं. मूठ मिटली की पट्ट्या टेकणार, जरा सैल झाली की स्पंज त्यांना दूर करणार. तोफेला जोडण्याआधी मी टॉर्चचा दिवा जोडून बघितला. दिवा लागला. अण्णा त्याच्याकडे बघायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे. खाली नळावर भांडण चाललं होतं. मग दिवा विझला. परत लागला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि परत विझवला.

इतके महिने मेलेला म्हणून आम्ही पुसून, तेल लावून ठेवलेला तो हात. त्यातून निघालेलं काहीतरी तारेतून गेलं होतं आणि दिव्याला कळलं होतं. मी बोर्डावर रोज शेकडो झाकणं पडताना बघत होते, पण अण्णांनी इतक्या लांबून फोन केलाय असं वाटलं आणि मी रडायला लागले. आई मात्र रडली नाही. तिने दिव्याला नमस्कार केला.

तेवढ्यात सेक्रेटरीकाका तणतणत वर आले. तोफेची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "अगं बये, तुला अक्कल आहे का? दरवाजात पोलीस बसवलाय. नकाशाचा देखावा आहे म्हणून रोज दोनदा चौकशी होते. आणि तू गॅलरीत मांडवाकडे तोंड करून यंत्र लावतेस?" काकांचं खोटं नव्हतं. त्या दिवसांत गिरगावातल्या गॅलऱ्यांतून पोलिसांवर काय काय पडलं होतं ते पोलीस विसरले नव्हते. वरून काही उडालं असतं तर विचारपूस नंतर झाली असती, लाठी आधी. मंडळाची परवानगी गेली असती ती वेगळीच. काका म्हणाले, "काढ ते. आत्ताच्या आत्ता."

मी तोंड उघडणार, तो आईने मला चिमटा काढला आणि काकांना म्हणाली, "भावजी, या दिव्याकडे जरा बघा." काका वैतागून बघायला लागले. अण्णांनी दिवा विझवला. काकांनी दिव्याकडे बघितलं, तारेवरून नजर फिरवत फिरवत मुठीपर्यंत आले. "कुणी केलं हे?" आई म्हणाली, "तुमच्या मित्राने." अण्णांनी परत विझवला. काका खाटेच्या कडेवर बसले. टोपी काढून हातात घेतली. मग उठले, म्हणाले, "पोलिसांचं मी बघतो," आणि जिन्याकडे गेले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बटाटा मात्र नको हं."

तालीम सुरू झाली. अण्णा आधी लवकर सोडायचे. मी मंत्र म्हणायला घ्यायची आणि मध्येच फुलं आईच्या डोक्यावर. मग सोडायचेच नाहीत, मूठ घट्ट बसायची आणि घाम यायचा. कधी जमायचं, कधी नाही. गणेशचतुर्थी आली तरी मला खात्री नव्हती. रोज चार घास खाणारे अण्णा आता खुणेने पोळी मागायला लागले होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. सगळ्या चाळीसमोर मूठ उघडली नाही तर? परत भिंतीकडे तोंड केलं तर ते या वेळी वळवता येणार नव्हतं.

म्हणून मी एक सोय केली. बॅटरीपाशी तारेचा एक सांधा सैल ठेवला. मी खाटेमागे उभी राहणार, तार दोन बोटांत धरणार. वेळ पडली तर ओढायची. वीज गेली की फुलं उडणार, आणि खालच्या कुणालाच कळणार नाही. अण्णांनाही नाही. आईला मी सांगितलं नाही, पण तिला दिसलं.

संध्याकाळी चौक भरला. नकाशाचे दिवे लागले. आरत्या झाल्या. आईने अण्णांना लोडाला टेकवून बसतं केलं, तोंड पुसलं, टोपी घातली. करवंटीत झेंडू, दूर्वा आणि अक्षता ठेवल्या. मी कांब ओढून खटक्यात अडकवली, मुठीत पट्ट्या दिल्या, वीज चालू केली. चुंबकाने खटका धरला. खाली मंत्र सुरू झाला. मांडवातून बऱ्याच जणांचे चेहरे वर वळले होते. दरवाजातला पोलीससुद्धा आत येऊन उभा राहिला होता.

शेवटचं अक्षर आलं. चौकाने ते ताणायला घेतलं. बायका थांबल्या. तालमीतले थांबले. सेक्रेटरीकाका थांबले. आणि मग काहीच नाही. दर वर्षी जिथे अण्णांचा आवाज असायचा तिथे शांतता. एवढा मोठा चौक, सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या, कुणी फूल टाकेना. टाकायचं कधी तेच कुणाला माहीत नव्हतं. सगळे वर बघत होते.

अण्णांची मूठ मिटलेलीच होती. मी बघतेय, बघतेय, बोटं पांढरी पडलेली. बॅटरी किती टिकेल, चुंबक तापला असेल, सगळं डोक्यात. खाली कुणीतरी खोकलं. मला वाटलं, झालं, अडकली मूठ. मी तार बोटांत घट्ट धरली आणि ओढणार, तेवढ्यात आईने माझं मनगट पकडलं. तोंड न हलवता म्हणाली, "थांब. त्यांचं अजून संपलं नाही."

मला कळलं नाही. मग मी अण्णांकडे बघितलं, मुठीकडे नव्हे, अण्णांकडे. तोंड थोडं उघडं होतं. पोट हळूहळू आत जात होतं, अगदी सावकाश, एका लयीत. ते श्वास सोडत होते. आवाज नव्हता, बाकी सगळं होतं. दर वर्षीसारखं ते अक्षर ताणत होते, चाळीतल्या सगळ्यांचा दम संपल्यावरही, एकटे. मूठ अडकलीच नव्हती. आम्हा सगळ्यांना ते थांबवून ठेवत होते.

माझी बोटं आपोआप सुटली. आयुष्यात मी त्यानंतर बरंच काही बघितलं. पण खाली सबंध चौक श्वास रोखून उभा आणि वर एक मुका माणूस आपला श्वास संपेपर्यंत त्याला धरून ठेवतोय, असं दुसरं काही मी बघितलं नाही. मला देवाकडे बघायचं सुचलंच नाही.

पोट आत गेलं तितकं गेलं. खांदे खाली आले. आणि मूठ उघडली, केसभर.

टक्‌ झालं. कांब सुटली, झेंडू मांडवावर गेले. थोडे कापडी छतावर पडले, थोडे लोकांच्या डोक्यांवर, एक फूल नकाशातल्या लाल दिव्याला लागून मूर्तीच्या पाटाजवळ पडलं. ते पडायच्या आत सगळ्या चौकाने मुठी उघडल्या. खालून वर बघताना फुलं पडताना दिसतात, वरून बघितलं तर ती आपल्याकडे येताना दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पोलिसाने टोपी काढली होती. त्याच्या खांद्यावर एक झेंडू होता.

खालून सेक्रेटरीकाकांचा आवाज आला. दर वर्षीसारखा धापा टाकत, पण मधेच फाटलेला. "अण्णा, किती ताणशील रे? मारशील एखाद्याला."

अण्णांची अर्धी मिशी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर जायच्या आधी मी डाख द्यायची सळई तापवून तारेचा तो सैल सांधा पक्का करून टाकला. अण्णा बघत होते. "हं," ते म्हणाले.